जीर्णोद्धाराची मर्यादा

जुन्या वस्तूंवर मनुष्याचे प्रेम असते, आणि हे प्रेम पुष्कळदा त्या वस्तूंच्या उपयोगाशी व्यस्त प्रमाणात वाढत जाते. रोज पाणी भरावयाच्या पितळी तांब्याकडे घरात कोणी ढुंकूनही पाहत नाही. तोच तांब्या पन्नास वर्षांनी माळ्यावरून खाली आला म्हणजे चिंच लावून लखलखीत केला जातो आणि दिवाणखान्यात मांडला जातो. यात हसण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. गेलेल्या काळाशी आपले काही नाते आहे, हे सांगणारी एखादी वस्तू डोळ्यांसमोर असावी ही इच्छा सुसंस्कृत मनाचे लक्षणच होय. परंतु काही जुन्या वस्तू दिवाणखान्यात स्वस्थ बसून राहत नाहीत. त्या पुन्हा रस्त्यावर येतात. त्यांच्या बाबतीत मात्र एक प्रश्न उत्पन्न होतो, आणि तो वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. वस्तू जपावयाची म्हणजे तिचे रूप जपावयाचे की तिचा धर्म?

या प्रश्नाचा विचार मंदिरे, ग्रंथ किंवा रूढी यांच्या निमित्ताने करण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. आम्ही तो मोटारीच्या ब्रेकमधील कॅलिपर नावाच्या एका ओबडधोबड लोखंडी भागाच्या निमित्ताने करणार आहोत. साहित्यविषयक मासिकात हा विषय अस्थानी आहे असे काही वाचकांस वाटेल. तथापि नीतीचे प्रश्न केवळ ग्रंथांतच राहतात असे नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटीतल्या एखाद्या अंधाऱ्या गाळ्यात, ब्रेक ऑइलाच्या वासातही ते भेटतात, आणि तेथे त्यांना बगल देणे ग्रंथातल्यापेक्षा अधिक कठीण असते.

थांबविणाऱ्या यंत्रांच्या वाट्याला कीर्ती फारशी येत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, त्या वेळी तिला जोडलेल्या साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांची नावे आमच्या शाळकरी मुलांसही पाठ असतात. ती गाडी ठाण्यास येऊन नेमकी फलाटापाशी थांबली कशी, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. मोटारीचेही तेच आहे. तिच्या इंजिनाची शक्ती, तिच्या अंगाची घडण आणि तिचा वेग यांवर लोक तासन् तास बोलतात. ब्रेकविषयी बोलणे निघते ते ब्रेक लागला नाही म्हणजे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या परिसरास मोटारींचा इतिहास परका नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट व पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाणारी गाडी निघू लागली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे जे रूप दोन पिढ्यांच्या डोळ्यांत बसले ते याच गाडीचे होय. ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. पद्मिनीच्या चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असत. कॅलिपर हा भाग तिच्यात नव्हता. याच कंपनीने १९९० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी केली आणि आपल्या कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ ही गाडी बांधावयास घेतली. ही भागीदारी अल्पजीवी ठरली. १९९७ साली फ्रेंच कंपनी निघून गेली आणि गाड्या तेवढ्या मागे राहिल्या. ३०९ च्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. आज ज्यांनी त्या गाड्या जपून ठेवल्या आहेत, त्यांना कॅलिपर या प्रकरणाचा परिचय अपरिहार्यपणे होतो.

हा कॅलिपर म्हणजे आहे तरी काय? चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते. तिच्या दोन्ही बाजूंस घर्षणाच्या दोन पट्ट्या असतात. त्यांना पॅड म्हणतात. या पॅडना तबकडीवर आवळून धरणारा जो ओतीव लोखंडाचा पंजा, तो कॅलिपर. त्याच्या पोटात एक भोक असते आणि त्यात पिस्टन बसविलेला असतो. चालकाने पाय दाबला की बंद नळ्यांतले ब्रेक ऑइल तो दाब जसाच्या तसा पिस्टनपर्यंत पोहोचविते, पिस्टन पॅडला रेटतो आणि तबकडी आवळली जाते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ पास्कल याचा सिद्धांत. तबकडीच्या ब्रेकचे एक पेटंट इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली घेतले होते. परंतु जगाने त्या कल्पनेकडे खऱ्या अर्थाने वळून पाहिले ते अर्ध्या शतकानंतर, १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली तेव्हा. अधिक वेगाने धावणाऱ्या गाड्या त्या शर्यतीत होत्या. परंतु ज्याला उशिरा ब्रेक लावूनही खात्रीने थांबता येते, त्यालाच निर्धास्तपणे धावता येते.

पिस्टन आणि भोक यांच्यामध्ये रबराचे एक चौकोनी कडीसारखे सील असते, आणि आमच्या मते या सर्व रचनेतील सर्वांत सुंदर कल्पना तीच होय. भोकाच्या भिंतीत कोरलेल्या खाचेत हे सील बसते. पिस्टन पुढे सरकला की ते त्याच्याबरोबर किंचित पिळले जाते. पाय उचलताच आपल्या मूळ आकारावर परत येते, आणि येताना पिस्टनला केसभर मागे ओढून घेते. एवढ्यानेच पॅड तबकडीपासून सुटतात. म्हणजे ऑइल बाहेर जाऊ न देणे आणि पकड वेळेवर सोडविणे ही दोन्ही कामे एका रबराच्या कडीवर अवलंबून असतात. तिची किंमत गाडीच्या मानाने काहीच नसते. ती बाहेरून कोणासही दिसत नाही.

आता या कॅलिपरला जरा कशी येते ते पाहू. ओतीव लोखंडाचे अंग सहसा झिजत नाही. त्यावर गंज चढतो एवढेच. रबर मात्र वयाने कडक होते, चिरते, आपला आकार विसरते. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते, आणि आमच्या खाडीकाठच्या, चार महिने धो धो पावसाच्या प्रदेशात या ओलीला तोटा नाही. डॉट ४ प्रतीचे ऑइल कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ठरलेल्या प्रमाणात ओल शिरली म्हणजे ही किमान मर्यादा १५५ अंशांवर उतरते. घाटाच्या लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये असे ऑइल उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. चालकाचा पाय खाली जातो, गाडी मात्र थांबत नाही. शिवाय ही ओल पिस्टनवरील मुलाम्याखाली शिरून त्यास खड्डे पाडते. त्या खड्ड्यांच्या कडा सीलवरून घासत गेल्या की सील कापले जाते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली तर पिस्टन जाम होतो. वापराने वस्तू झिजते हे आपण सर्व जाणतो; न वापरल्याने ती अधिक लवकर नासते, हे जाम झालेला कॅलिपर शिकवितो.

त्याची पुनर्बांधणी हे शास्त्र म्हणून अवघड नाही, शिस्त म्हणून अवघड आहे. कॅलिपर उतरवावा, आत हवेचा दाब देऊन पिस्टन बाहेर काढावा, आणि तो बंदुकीच्या गोळीसारखा उडतो म्हणून समोर लाकडाचा ठोकळा धरावा, बोटे धरू नयेत. जुने सील फेकून द्यावे. भोक आणि खाच स्पिरिटाने धुवावी. पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल यांचा स्पर्श नव्या सीलला होऊ देऊ नये, कारण त्याने रबर फुगते. भोकातला वरवरचा डाग बारीक पॉलिश पेपरने काढता येतो. सील भोकाच्या खाचेत बसून पिस्टनच्या अंगाशी लगटत असल्याने, पिस्टनच्या अंगावरील खड्डा मात्र माफ करता येत नाही. मग नवे सील स्वच्छ ब्रेक ऑइलात भिजवून बसवावे, पिस्टन हाताने सरळ आत दाबावा, आणि शेवटी निपल सोडून एकेका चाकाची एअर बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत काढावी. एवढे झाल्यावर बाहेरच्या अंगास झिंक प्लेटिंग करावे की लाल रंग द्यावा, की दोन्ही नकोत, हा प्रश्न येतो. वास्तविक प्लेटिंग वा रंग जोडणीच्या आधीच उरकावयाचा असतो; परंतु महत्त्वाच्या दृष्टीने त्याचे स्थान शेवटचेच.

वेदान्तात साधकाचे पहिले साधन म्हणून नित्यानित्यवस्तुविवेक सांगितला आहे. टिकणारे कोणते आणि नाशिवंत कोणते, हे ओळखल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही. मिस्त्रीच्या बाकावर सुटा करून मांडलेला कॅलिपर पाहताना हा शब्द आम्हांस अनेकदा आठवला आहे. लोखंडाचे अंग ठेवावयाचे, रबर टाकावयाचे, पिस्टन तपासावयाचा: विवेक म्हणतात तो याहून फारसा निराळा नसावा.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे कल्याणच्या कारखान्यात तयार झालेली अशी एक ३०९ आहे. वडिलांनी घेतलेली गाडी म्हणून तिच्यावर त्यांचे विशेष प्रेम. पुढचा एक ब्रेक जाम झाला म्हणून त्यांनी दोन्ही कॅलिपर ठाण्यातील एका वृद्ध मिस्त्रीकडे दिले. बाहेरून ते नव्यासारखे व्हावेत, चाकाच्या फटींतून त्यांचा रंग दिसावा, ही त्यांची इच्छा. मिस्त्रीने पिस्टन काढून दाखविले; त्यांच्या अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. गृहस्थांचे म्हणणे असे की, पिस्टन मूळचे आहेत, तसे पुन्हा मिळणार नाहीत, तेव्हा पॉलिश करून तेच बसवावेत. गाडी वर्षातून चार वेळा निघते. आणि आतले कोण पाहतो? यावर मिस्त्री म्हणाला, "साहेब, वरचा रंग तुम्ही सांगाल तो देतो. आतलं काम मात्र माझ्या मनासारखं होईल. नाही तर दोन्ही घेऊन जा." गृहस्थांस हे उद्धटपणाचे वाटले. आमचे मत विचारावयास ते आले, आणि त्यातून पुढील विचार सुचला.

त्यांची बाजू निव्वळ कंजूषपणाची नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. मूळचे ते मूळचे, ही भावना पोकळ नाही. कल्याणपासून दोन-तीन कोसांवर अंबरनाथचे शिवमंदिर आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तेथे आहे. त्या मंदिराच्या भिंतीवरील झिजलेली मूर्ती काढून तेथे कोणी नवी गुळगुळीत मूर्ती बसवू लागला तर आपण सर्वजण त्यास विरोध करू, आणि तो योग्यच ठरेल. कारण त्या झिजलेल्या दगडावर शिलाहारकालीन कारागिराच्या हाताचा ठसा आहे, आणि नवा दगड कितीही देखणा असला तरी तो ठसा त्यावर नसणार. कायदाही याच अंगाने विचार करतो. केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी २०२१ साली जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस व्हिंटेज म्हणून निराळी नोंदणी मिळते. अट अशी की तिची चौकट, तिचे अंग आणि तिचे इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. गृहस्थांची गाडी त्या वयाची नव्हे. तथापि त्यांच्या मनातील भावना तीच होती.

मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या प्रसिद्ध संवादात रथाचा दृष्टान्त आहे. आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हेत, दांडी म्हणजेही रथ नव्हे. मग रथ कोठे आहे? नागसेनाचा रोख हा की, या सर्व भागांच्या मेळास व्यवहारात दिलेले ते नाव आहे. हा विचार पत्करला तर दोन नव्या पिस्टनांनी वडिलांची गाडी परकी होत नाही. परंतु या उत्तराने आमचे समाधान होत नाही, कारण त्याच न्यायाने अंबरनाथची मूर्तीही बदलता येईल. मूर्ती बदलू नये आणि पिस्टन बदलावा, असे आम्हांस एकाच वेळी म्हणावयाचे आहे; तेव्हा या दोहोंतील भेद कोठे आहे ते शोधले पाहिजे.

तो भेद वस्तूच्या वयात नाही आणि किंमतीतही नाही. तो असा: काही वस्तू आपल्याला काही सांगतात, आणि काही वस्तू आपल्या वतीने इतरांस वचन देतात. झिजलेली मूर्ती सांगते. तिने आणखी झिजावे तर जे सांगणे आहे ते कमी होईल, पण कोणाचा विश्वासघात होणार नाही. ब्रेक मात्र वचन देतो, आणि हे वचन गाडीच्या मालकास दिलेले नसून रस्त्यावरच्या परक्या माणसास दिलेले असते. डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेर संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन जी बाई रस्ता ओलांडते, ती येणाऱ्या गाडीकडे एक नजर टाकते आणि पाऊल पुढे घालते. ही गाडी थांबेल, एवढ्याच भरवशावर ते पाऊल पडते. गाडीचे इंजिन मूळचे आहे की नाही, रंग कोणता आहे, याच्याशी तिला कर्तव्य नाही. गाडीतील बाकीचे सर्व भाग मालकासाठी आहेत. ब्रेक मुख्यतः तिच्यासाठी आहे.

जुन्या काळी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता, कारण वाहनाला स्वतःचा जीव होता. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात सारथी आहे, लगाम आहे, घोडे आहेत, ब्रेक नाही. त्याची गरजही नव्हती. गाडीवान पेंगला तरी नदीच्या काठाशी बैल आपण होऊन थांबतो, कारण त्याला बुडण्याची भीती असते. मोटारीला भीती नाही. जी सावधगिरी जनावराच्या अंगी उपजत होती ती यंत्रात मनुष्याने आपल्या हाताने घालावी लागते, आणि ती जेथे घातली जाते ते ठिकाण म्हणजे हा कॅलिपर. त्यात कसूर करणे म्हणजे वाहनातून भय काढून घेऊन वेग तेवढा शिल्लक ठेवणे होय.

वर्षातून चार वेळा गाडी निघते, हा युक्तिवाद या दृष्टीने पाहिला म्हणजे त्याचा फोलपणा उघड होतो. उभ्या गाडीत ओल अधिक साचते हे वर सांगितलेच आहे. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, रस्ता ओलांडणाऱ्यास हा चार वेळांचा हिशेब ठाऊक नसतो. मालकाच्या दृष्टीने जो संभव थोडा, तो तिच्या बाबतीत खरा ठरला तर पुरा असतो. आपण पत्करलेल्या धोक्याची सरासरी आपण काढावी. दुसऱ्यावर लादलेल्या धोक्याची सरासरी काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

उरला शेवटचा युक्तिवाद: आतले कोण पाहतो? खरेच कोणी पाहत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना कल्याणच्या परिवहन कार्यालयात गाडी तपासली जाते. पण तपासणारा अधिकारी कॅलिपर उघडून सील पाहत नाही, आणि पाहू लागला तर दिवसाला एक गाडीही पार पडणार नाही. सामान्य समजूत अशी की, जेथे तपासणी असते तेथे जबाबदारी असते. आम्हांस हे उलट वाटते. ज्याला तपासता येते तो आपले रक्षण अंशतः स्वतः करू शकतो. बाजारात वांगी निवडणारा गिऱ्हाईक दुकानदाराच्या नीतीवर थोडाच अवलंबून असतो. ज्याला तपासण्याची काहीच सोय नाही, त्याने आपली सारी सुरक्षितता आपल्या हाती सोपविलेली असते. म्हणून दुसऱ्याची तपासण्याची शक्ती जितकी कमी, तितके आपले कर्तव्य मोठे. औषधाच्या पुडीत काय आहे हे रोग्यास कळत नाही, पुलाच्या खांबात किती लोखंड घातले हे प्रवाशास कळत नाही, वर्गात सांगितलेले खरे की खोटे हे लहान मुलास कळत नाही. या सर्व ठिकाणी न दिसणाऱ्या कामाची जी नीती लागते, तीच त्या मिस्त्रीने आपल्या दोन वाक्यांत सांगितली होती. आमच्या विद्यापीठांतून नीतिशास्त्राचे जे मोठमोठे ग्रंथ शिकविले जातात, त्यांतील पुष्कळ प्रकरणांचे सार यापेक्षा फारसे अधिक नाही, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

यावरून रंगरंगोटी हा ढोंगाचा प्रकार आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. झिंकचा मुलामा लोखंडाचे गंजापासून रक्षण करतो. आणि केवळ डोळ्यांस बरे दिसावे म्हणून दिलेला लाल रंगही निर्दोष आनंद होय. दोष रंगात नाही, क्रमात आहे. आत नवे आणि बाहेर सुंदर हा शृंगार. आत कुजलेले आणि बाहेर सुंदर ही फसवणूक. एकाच डब्यातला रंग या दोहोंस लागतो, म्हणून बाहेरून भेद दिसत नाही; तो फक्त करणाऱ्यास ठाऊक असतो.

आमच्या गृहस्थांनी शेवटी मिस्त्रीचे ऐकले. वागळे इस्टेटीतल्या एका लेथवर स्टेनलेस स्टीलचे दोन नवे पिस्टन कातून घेतले, सील नवी बसली, आणि लाल रंगही त्यांच्या मनासारखा झाला. जुने पिस्टन त्यांनी फेकून दिले नाहीत. वडिलांच्या छायाचित्राखालच्या फळीवर ते ठेवले आहेत. आम्हांस ही व्यवस्था फार समर्पक वाटते. त्या पिस्टनांस जे सांगावयाचे आहे ते फळीवरूनही सांगता येते. वचन देण्याचे काम तेवढे दुसऱ्यांकडे गेले आहे.

वडिलार्जित गोष्टी केवळ मोटारी नसतात. घराण्याच्या चालीरीती, संस्थांचे नियम, समाजाचे आचार हेही आपल्याला जुने असेच मिळतात, आणि त्यांच्यापुढेही आपण याच दोन मोहांत सापडतो: जुने म्हणून सगळेच टाकावे, किंवा मूळचे म्हणून सगळेच राखावे. दोन्ही मार्ग सोपे आहेत, कारण दोहोंतही उघडून पाहण्याचे कष्ट नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की, त्यांतील जे केवळ आपल्याला काही सांगते ते झिजलेले असले तरी ममतेने राखावे. ज्यावर दुसऱ्या कोणाचे पाऊल अवलंबून आहे ते उघडावे, धुवावे, आणि त्यातले रबर कडक झाले असेल तर वडिलांच्या नावाखातर ते तसेच बसवू नये.